पट्टी समोशाचा प्रवास : बगदाद ते लिस्बन

१/
मेजवानीच्या आरंभी, मुख्य जेवण येण्यापूर्वी, हातात धरून एक-दोन घासांत संपवायचे पदार्थ जगातील बहुतेक खाद्यसंस्कृतींत आढळतात. त्यांची नावे मोठी गमतीची आहेत. स्पेनमधील ‘तापा’ म्हणजे झाकण. फ्रेंच ‘कानापे’ म्हणजे बैठकीचा कोच. रशियन ‘झाकुस्का’ हा शब्द चावा घेण्याच्या क्रियापदावरून आला. तुर्की-अरबी ‘मेझे’चे मूळ फारसी ‘मझा’, म्हणजे चव, या शब्दात आहे. मराठीतील ‘मजा’ हा त्याच शब्दाचा वंशज होय. पोट भरणे हा या पदार्थांचा हेतू नव्हताच. पाहुण्यांना बोलते करावे, उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणे सुसह्य व्हावे, एवढेच त्यांचे काम.

२/
आज मुंबई-पुण्यातील कोणत्याही स्वागतसमारंभात ‘स्टार्टर’ची तबके फिरतात. त्यांत स्प्रिंग रोल असतात, कटलेट असतात आणि लहान, कुरकुरीत, त्रिकोणी समोसे असतात. हा धागा त्या लहान समोशाविषयी आहे. हलवायाकडचा जाड पारीचा, बटाटा-वाटाण्याने फुगलेला समोसा त्याचा भाऊबंद खरा. परंतु पातळ पट्टीचा समोसा वेगळ्या वाटेने चालत आला, आणि ती वाट बगदादपासून मांडू, गोवा, मोझांबिक, युगांडा, लेस्टर व लिस्बन इथवर जाते.

३/
‘समोसा मूळचा कुणाचा?’ हा वाद समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी पेटतो. एक बाजू सांगते, तो परदेशातून आला, म्हणून आपला नव्हे. दुसरी बाजू सांगते, तो आपला, म्हणून परदेशातून आलेला असूच शकत नाही. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात : पदार्थाला एकच जन्मगाव असते आणि मालकी त्या गावाचीच असते. सारण बाजूला ठेवून आवरणाकडे नीट पाहिले, तर हे गृहीतक टिकत नाही. त्यासाठी आधी पट्टी कशी होते, ते पाहावे लागेल.

४/
मैद्याची घट्टसर कणीक मळतात. तिच्या लहान लाट्या करून प्रत्येकीला तेल लावतात, वर कोरडे पीठ भुरभुरतात आणि तीन-चार लाट्या एकावर एक ठेवून एकत्रच लाटतात. ही चळत तव्यावर जेमतेम शेकतात. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त पीठ बसले पाहिजे. गरम असतानाच एकेक पदर सोडवतात. मग सुरीने लांबट पट्ट्या कापून त्या ओल्या फडक्याखाली झाकतात, कारण वारा लागला की त्या कडक होऊन घडीवर मोडतात. पट्टीच्या टोकाला त्रिकोणी घडी घालून खिसा करतात, त्यात सारण भरतात, उरलेली पट्टी त्याच त्रिकोणावर गुंडाळत नेतात आणि शेवटचे टोक मैद्याच्या खळीने चिकटवतात. मग तळण.

५/
आता इ. स. १२२६ मधील बगदाद. अल-बगदादी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने त्या वर्षी ‘किताब अल-तबीख’ हा पाककृतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील ‘संबूसज’ची कृती वाचताना मराठी वाचकाला ओळखीची खूण पटते. मांस शिजवून कुटायचे. त्यात धने, जिरे, मिरी, दालचिनी, पुदिना आणि बारीक केलेले बदाम घालायचे. आंबटपणासाठी सुमाकाचे पाणी किंवा लिंबाचा रस. त्यानंतर या कामासाठी मुद्दाम केलेली पातळ रोटी घेऊन तिच्या पट्ट्या कापायच्या, सारण भरून त्रिकोण करायचा, थोड्या कणकेने कड चिकटवायची आणि तिळाच्या तेलात सोडायचे.

६/
पट्ट्या, त्रिकोणी घडी, पिठाने चिकटवलेली कड, तेलातील तळण. ८०० वर्षांपूर्वीची ही कृती आणि मुंबईत रमजानच्या दिवसांत महंमद अली रोडच्या परिसरात तयार पट्ट्या विकत घेऊन घरोघरी होणारे काम, यांत पद्धतीचा फरक जवळजवळ नाही. सारण मात्र पुष्कळ बदलले. या धाग्यात पुढे हेच पुन्हा पुन्हा दिसेल : घडी टिकते, सारण बदलते. ग्रंथ सिद्ध झाल्यानंतर ३२ वर्षांनी, १२५८ मध्ये, मंगोल सैन्याने बगदाद उद्ध्वस्त केले. खिलाफतीची ती राजधानी पूर्वीसारखी पुन्हा कधीच उभी राहिली नाही. संबूसज मात्र तोवर त्या शहराच्या पलीकडे कितीतरी दूर पोहोचला होता.

७/
बगदाद हेही त्याचे जन्मगाव म्हणता येत नाही. अरबी ‘संबूसज’मधील शेवटचा ‘ज’ हा जुन्या फारसीतील ‘ग’चा अवशेष आहे. अशीच जोडी ‘फालूदज’ आणि ‘पालूदग’ या शब्दांत दिसते. त्यांच्यापासून आपल्याकडचा फालुदा आला. म्हणजे अरबांनी नाव इराणी शेजाऱ्यांकडून घेतले. दहाव्या शतकातील इतिहासकार मसूदी एक प्रसंग नोंदवतो. खलिफा अल-मुस्तकफी (कारकीर्द ९४४–९४६) याच्यापुढे खाद्यपदार्थांवरील कवितांची बैठक भरली होती, आणि तीत इसहाक अल-मौसिली या दरबारी गायक-कवीची संबूसजवरील रचना म्हणून दाखवण्यात आली. हा कवी ८५० च्या सुमारास वारला. त्याच्या काळीच या पदार्थावर कविता करण्याइतका तो दरबारात रुळलेला होता.

८/
भारतातील एक महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत मोरोक्कोच्या इब्न बतूताचा आहे. तो १३३४ मध्ये दिल्लीला पोहोचला. महंमद तुघलकाच्या काळातील मेजवानीत कोणता पदार्थ कोणत्या क्रमाने येतो, हे त्याने बारकाईने टिपले. ‘समूसक’ म्हणजे बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा व मसाले घालून शिजवलेला खिमा, पातळ रोटीत गुंडाळून तुपात तळलेला. प्रत्येकापुढे असे चार-पाच ठेवले जात आणि त्यानंतर तुपातील भात व कोंबडी येई. याचा अर्थ आजच्या समारंभातील त्याचे स्थान, भाताच्या आधीचे, सुमारे ७०० वर्षे जुने आहे. तिळाच्या तेलाची जागा तुपाने घेतली, एवढा बदल मुक्कामाने केला.

९/
यानंतरचा टप्पा माळव्यातील मांडूचा. सुलतान गियासशाह (१४६९–१५००) याच्यासाठी तयार होऊ लागलेला आणि त्याचा पुत्र नासिरशाह याच्या काळात पूर्ण झालेला ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातील एका चित्रात सुलतान बागेत बसला आहे आणि त्याच्यापुढे समोशांचे ताट येत आहे. एका कृतीत खिम्याबरोबर वांग्याचा गर, कांदा, सुंठ, लसूण आणि गुलाबपाण्यात वाटलेले केशर आहे. वांगे व केशर एकाच पारीत आणणारा हा सुलतान खवय्या होता, यात शंका नको.

१०/
इतिहासाच्या दृष्टीने त्या कृतीतील शेवटची सूचना अधिक मोलाची आहे. आवरण तीन प्रकारचे चालेल, असे ग्रंथ सांगतो : जाड्याभरड्या पिठाची पातळ रोटी, बारीक पिठाची रोटी किंवा न भाजलेली कणीक. पहिल्या दोन प्रकारांत पट्टी समोशाची पद्धत ओळखू येते. तिसऱ्यात हलवायाच्या जाड पारीच्या समोशाची चाहूल लागते. आज एकमेकांपासून इतक्या वेगळ्या वाटणाऱ्या या दोन शाखा १५०० च्या सुमारास माळव्यातील एकाच मुदपाकखान्यात शेजारी शेजारी नांदत होत्या.

११/
अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केलेली नोंद तर वादाच्या मुळावरच बोट ठेवते. ‘कुताब’ नावाच्या पदार्थाचे साहित्य तो देतो : १० शेर मांस, ४ शेर मैदा, २ शेर तूप, १ शेर कांदा, शिवाय आले, मिरी, धने, वेलची, जिरे, लवंग आणि सुमाक. हा पदार्थ २० प्रकारे करता येतो, असेही सांगतो. आणि लिहितो की, हिंदचे लोक याला ‘संबूसा’ म्हणतात. ज्या शब्दाचे मूळ फारसी, तो शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत लिहिणाऱ्या दरबारी विद्वानाला हिंदचा वाटू लागला होता. ‘कुताब’ हे नाव आजही अझरबैजानात एका सारणभरल्या, दुमडलेल्या पोळीला आहे.

१२/
या कोणत्याही कृतीत बटाटा नाही आणि मिरचीही नाही. दोन्ही अमेरिका खंडातून आली. ‘बटाटा’ हा मराठी शब्दच पोर्तुगीज ‘बताता’वरून आलेला; पश्चिम किनाऱ्याने पदार्थाबरोबर नावही घेतले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बटाट्याची लागवड पसरली आणि समोशाचे अर्थकारण पालटले. बदाम-पिस्त्यांचा घास बटाट्यामुळे चार पैशांत मिळू लागला आणि शाकाहारी घरांची दारेही त्याला उघडली. सुमाकाच्या जागी उत्तरेत आमचूर आले. बंगालमध्ये त्याला शिंगाड्याचे नाव मिळाले, कारण दोघांचा आकार सारखा. हैदराबादेत चौकोनी ‘लुखमी’ रूढ झाली. ‘लुकमा’ म्हणजे घास.

१३/
जाड पारीच्या समोशाला बटाटा मानवला, कारण ती पारी वजन पेलते. पातळ पट्टीला सारण कोरडे व मोकळे लागते. ओल सुटली की पट्टी फाटते. म्हणून पट्टीची शाखा मुख्यतः खिमा, कांदा, डाळ, मका अशा सारणांशी जोडलेली राहिली. मुंबई-गुजरातमधील दाऊदी बोहरा समाजाच्या थाळात ती आजही मानाने येते. एका थाळाभोवती सात-आठ जण बसतात. आधी बोटाने मीठ चाखायचे, मग गोड, त्यानंतर खारे, असा क्रम असतो. त्या खाऱ्यात कोळशाचा धूर दिलेला खिमा समोसा हटकून असतो.

१४/
इथे थोडे थांबून तबकातील शेजाऱ्याकडे, म्हणजे स्प्रिंग रोलकडे पाहिले पाहिजे. त्याचेही आवरण आधी वेगळे भाजलेले, कागदासारखे पातळ असते. फुज्यानमधील होक्कियन भाषक चिनी स्थलांतरितांनी ते जावा व फिलिपिन्सला नेले. तिथे त्याचे ‘लुंपिया’ झाले. पुढे इंडोनेशियातून नेदरलँड्सला गेलेल्या लोकांबरोबर तोच ‘लुंपिया’ डच बाजारात पोहोचला. समोसा आणि लुंपिया यांचे रक्ताचे नाते शोधण्याची गरज नाही. थोडे सारण पुष्कळ हातांत पोहोचवायचे आणि तेही ताटाशिवाय, ही गरज दोन्हीकडे सारखीच होती.

१५/
स्थलांतरितांच्या घरांत असे पदार्थ का टिकतात, याचे उत्तरही कृतीतच आहे. मध्य आशियातील ‘साम्सा’ हा समोशाचा जवळचा नातलग. पण तो तंदुराच्या भिंतीला चिकटवून भाजतात. तंदूर बोटीवर चढवून नेता येत नाही. कढई नेता येते, पीठ व तेल कुठेही मिळते, आणि सारण जिथे असू तिथले. शिवाय पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी घड्या घालून ठेवता येतात आणि ते आल्यावर तळता येतात. दिवसभर दुकान, कचेरी किंवा कारखाना सांभाळून संध्याकाळी माणसे जेवायला बोलावणाऱ्या घराला यापेक्षा सोयीचा पदार्थ क्वचितच सापडेल.

१६/
हिंदी महासागराच्या पलीकडे तो अनेक वाटांनी गेला. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ हे जहाज मद्रासहून करारबद्ध मजुरांना घेऊन दरबानला लागले. त्यांच्यामागून गुजराती व्यापारी गेले. दक्षिण आफ्रिकेत ‘समूसा’ आज सर्व वर्णांच्या लोकांचा पदार्थ आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली ‘सांबुसा’ आहे. तिथे अरबी व भारतीय अशा दोन्ही वाटा येऊन मिळाल्या. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेसाठी सुमारे ३२,००० भारतीय मजूर नेले गेले. त्यांतील बहुतेक परतले. परंतु व्यापारी, कारकून, शिक्षक अशी वस्ती तिथे वाढत गेली.

१७/
गोव्याची वाट निराळी. मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्यातूनच प्रशासित होत असे. त्यानंतरही गोव्याचे कारकून व अधिकारी तिकडे जात राहिले. दीवचे व्यापारी तर पूर्वापार जात होते. गोमंतकीय ख्रिस्ती घरांतील मेजवानीत पोर्तुगीज वळणाचे रिसॉल व क्रोकेत यांच्या शेजारी खिम्याचा पातळ पट्टीचा समोसा बसला. पोर्तुगीज लिपीत तो ‘शामुसा’ झाला आणि मोझांबिकमध्ये रस्त्यावर विकला जाऊ लागला. इराणी नाव, बगदादी घडी, भारतीय मसाला आणि पोर्तुगीज उच्चार घेऊन आफ्रिकेतील मुलांच्या हातात पडलेला हा त्रिकोण कुणाचा, याचे एका शब्दात उत्तर देणे कठीण आहे.

१८/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सगळ्या वाटा अचानक मोडल्या. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांनी देश सोडावा अशी घोषणा केली. मुदत ९० दिवसांची दिली. दोन-तीन पिढ्यांची दुकाने, घरे, शाळा मागे राहिल्या. २७ हजारांहून अधिक लोक ब्रिटनला गेले. त्याच सप्टेंबरमध्ये लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात दिली. आमच्या शहरात घरे, शाळा व आरोग्यसेवा यांवर आधीच ताण आहे, तेव्हा तुमच्या व कुटुंबाच्या हितासाठी इकडे येऊ नये, असा तिचा आशय होता.

१९/
तरीही हजारो लोक लेस्टरलाच गेले. शहराचे नाव अनेकांना त्या जाहिरातीमुळेच कळले, असे पुढे सांगितले गेले. थंड, अपरिचित शहरात कारखान्यांच्या पाळ्या करणाऱ्या घरांनी कढई चढवली. पट्ट्या लाटायला वेळ नव्हता, तेव्हा चिनी दुकानांत मिळणारी स्प्रिंग रोलची गोठवलेली पाने आणून ती पट्ट्यांसारखी कापली जाऊ लागली. ब्रिटनमधील कितीतरी घरांत आजही समोसे तसेच होतात. आधी आपापल्या लग्नांत व सणांत, मग शेजाऱ्यांच्या वाढदिवसांत, मग शाळेच्या जत्रांत आणि कचेरीच्या निरोपसमारंभांत समोसा पोहोचला. आज लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड दिवाळीच्या रोषणाईसाठी ओळखला जातो.

२०/
युगांडात काय झाले? माणसे गेली, सांबुसा राहिला. कंपालाच्या रस्त्यांवर तो आजही सर्रास विकला जातो. ज्यांना ‘तुम्ही इथले नाही’ म्हणून हाकलले, त्यांच्या घरची खाद्यवस्तू मात्र इथलीच होऊन बसली. समोशाने जगाला जोडले, असे वाक्य अशा प्रसंगी फार लवकर लिहिले जाते. पदार्थाचे स्वागत करणे आणि माणसाचे स्वागत करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे कंपाला व लेस्टर या दोन्ही शहरांनी एकाच वर्षी दाखवून दिले. समोशाला कुठेही पारपत्र दाखवावे लागले नाही. तो तळणाऱ्या बाईला मात्र ते दाखवावे लागले.

२१/
पोर्तुगीज वाटेचेही तसेच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना पोर्तुगीज सत्तेने ताब्यात घेतले आणि अनेकांना तो देश सोडावा लागला. पुढे २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला. आफ्रिकेतील वसाहतींतून सुमारे ५ लाख लोक पोर्तुगालमध्ये आले. त्यांना ‘परतलेले’ असे नाव पडले. त्यांतील अनेकांचा जन्म आफ्रिकेतला होता आणि त्यांनी पोर्तुगाल कधी पाहिलेलाही नव्हता. गोमंतकीय व दीवचे मूळ असलेली कुटुंबे या लोंढ्यात होती.

२२/
आज लिस्बनमधील साध्याशा कॅफेत काचेच्या कपाटात रिसॉल, क्रोकेत आणि शामुसा शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. सकाळी कामावर निघालेला मनुष्य कॉफीबरोबर एक शामुसा घेतो. त्याच्या दृष्टीने हा पोर्तुगीज नाश्ता आहे, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्या बायकांनी १९७५ नंतर भाड्याच्या घरांत हे त्रिकोण घडवून विकले, वाढदिवसांसाठी शेकड्यांनी करून दिले, त्यांची नावे कोणत्याही पाकग्रंथात नाहीत. अल-बगदादीचे नाव राहिले, गियासशाहचे राहिले, अबुल फजलचे राहिले. घडी घालणाऱ्या हातांची नोंद ठेवावी, असे ८०० वर्षांत फारसे कुणाला वाटले नाही.

२३/
बगदादचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. तेथील ज्यू समाजाच्या घरांत संबूसक टिकून होता. त्या समाजातील डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आला. त्याच्यासारखी बगदादी कुटुंबे मुंबईत व कोलकात्यात स्थायिक झाली आणि चीज भरलेले संबूसक करत राहिली. शेजारच्या गल्लीत शिंगाडा तळला जात होता. एकाच घराण्यातील दोन शाखा सहाशे वर्षांनी समोरासमोर आल्या, आणि बहुधा कुणाच्या ते लक्षातही आले नाही. १९५०-५१ मध्ये इराकमधील सुमारे १ लाख २० हजार ज्यू इस्राएलला गेले. तिथे काबुली चण्याचे सारण भरलेला संबूसक आज इराकी ज्यूंची ओळख मानला जातो.

२४/
आता पुन्हा त्या वादाकडे वळू. समोसा मूळचा कुणाचा? नावाचा माग इराणकडे जातो, लिखित कृती बगदादच्या, बदामाऐवजी बटाटा भरण्याचे श्रेय भारताचे, ‘शामुसा’ गोवा-मोझांबिकचा. इतिहास एवढे सांगू शकतो आणि तेवढे नीट सांगितले पाहिजे. त्यातून मालकीहक्क मात्र सिद्ध होत नाही. जो परका ठरवायचा, त्याच्या ताटातील पदार्थ आधी परका ठरवला जातो. म्हणून हा वाद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. समोसा बाहेरून आला म्हणून नाकारणाऱ्याने बटाटा, मिरची आणि ‘मजा’ हा शब्दसुद्धा परत करायला हवा.

२५/
ज्यांना हा इतिहास घरच्या घरी तपासून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी तीन प्रश्न. एक, आवरण कच्च्या कणकेचे आहे की आधी शेकलेल्या पट्टीचे? यावरून शाखा कळते. दोन, आंबटपणा कशाचा आहे : लिंबू, आमचूर, चिंच की व्हिनेगर? यावरून शेवटचा मोठा मुक्काम कळतो. तीन, घडी घालायला कुणी, कुणाला, कुठे शिकवले? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ते घरातील आजी, मावशी, आत्या यांच्याकडेच असते आणि विचारले नाही तर त्यांच्याबरोबर जाते.

२६/
आपल्या घरी किंवा गावी या पदार्थाचे नाव काय, सारण कोणते, आणि तो कोणत्या प्रसंगी होतो, हे या धाग्याखाली अवश्य लिहावे. विशेषतः कोकण, गोवा, हैदराबाद, बडोदा, नैरोबी, दरबान, लिस्बन इथल्या वाचकांनी. कृतीबरोबर ती शिकवणाऱ्या व्यक्तीशी असलेले नातेही नोंदवले, तर त्या नोंदीचे मोल वाढेल.

(धागा समाप्त)